कमळाला कळी येते पण मटारएवढी होऊन काळी पडते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, नाशिकला गच्चीवर गोल टबात कमळ लावलंय, फेब्रुवारीत नर्सरीतून कंद आणला होता. पान अखंड गोल आहे, वॉटर लिलीच्या पानाला असते तशी चीर नाही, त्यामुळे कमळच आहे याची खात्री आहे. आधी तरंगणारी पानं आली, मग मे महिन्यात दांड्यावर उभी पानं यायला लागली आणि त्यांच्याजवळ कळ्यापण दिसल्या, घरात नुसता आनंद. पण प्रत्येक कळी मटारएवढी झाली की तपकिरी होते आणि मग काळी पडून गळते. पानं एकदम हिरवीगार, तजेलदार, मावा वगैरे काही नाही.

खाली काळी चिकणमाती आहे, मातीच्या वर पाच इंच पाणी, डासांसाठी गप्पी मासे सोडलेत. खत म्हणून दर आठवड्याला शेणाची स्लरी घालते. ऊन सकाळी नऊ ते एक, त्यानंतर पाण्याच्या टाकीची सावली पडते. यंदा गौरींना घरचं कमळ वाहायचं असं आईच्या फार मनात आहे, तर काय करू सांगा ना प्लीज.

प्रतिसाद १
ताई, कळी धरतेय म्हणजे कंद चांगला आहे, काळजी नको. कमी पडतंय ते ऊन. कमळाला थेट ऊन सहा तास तरी लागतंच, त्याहून जास्त मिळालं तर उत्तम, नाहीतर झाड पानं जगवतं आणि कळी सोडून देतं, त्यात आता पावसाळी ढग. टब टाकीपासून लांब घ्या. अर्धं पाणी उपसा आणि दोघांनी धरून अलगद सरकवा, माती मात्र अजिबात उकरू नका, कंदाचं वाढतं टोक मोडलं तर वाढ खुंटते.

प्रतिसाद २
उन्हाचं बरोबरच आहे, पण ती स्लरी आधी थांबवा!! नत्र जास्त झालं की नुसती पानंच माजतात, शिवाय पाण्यातला ऑक्सिजन कमी होऊन मासे मरतील ते वेगळंच. टब सरकवून झाड सावरलं की एनपीके १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) एक छोटा चमचा, कागदाच्या पुडीत बांधून टबाच्या कडेला मातीत खोल खुपसा, कंदाला चिकटून नको. आणि वाळलेल्या पानाचा दांडा पाण्याखाली कधीच कापू नका, आत पोकळ असतो, पाणी थेट कंदात उतरतं आणि तो कुजतो.

धागाकर्ती
खूप खूप आभार दोघांचे! स्लरी आजपासून बंद, संध्याकाळी भाऊ आला की टब दक्षिणेच्या कठड्याकडे नेतोय, तिथे दिवसभर ऊन असतं. पण पाणी तापून गप्पींना त्रास होईल का? आणि गौरींपर्यंत फूल येईल का?

प्रतिसाद १
मोठ्या पानांखाली माशांना सावली मिळते, फक्त उघडीप असेल तेव्हा पाण्याची पातळी रोज बघून भर घाला. कळी दिसल्यापासून उमलायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे या पंधरवड्यात नवीन कळी धरली तर गौरींना जमून जाईल. फूल टिकतं तीन-चार दिवसच, तेव्हा आधी उमललं तर आईंना तोडू देऊ नका, झाडावरच बघू दे, पुढची कळी गौरींना.