मदत हवी आहे: आईची गुडघेदुखी, अ‍ॅक्युपंक्चर आणि चिनी गोळ्या (सोलापूर)

विडी_घरकुल: आई ५८ वर्षांची. विड्या वळते, दिवसभर मांडी घालून बसणं. दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. एक्स-रेमध्ये झीज आहे, पण ऑपरेशनची वेळ आलेली नाही. बीपीसाठी अम्लोडिपिन ५ आणि लघवी वाढवणारी गोळी, शिवाय अ‍ॅस्पिरिन ७५. शुगर नाही. अ‍ॅस्पिरिन चालू असताना सुया चालतात का? नात्यातल्या एकांनी ‘दुहुओ जिशेंग’ नावाच्या काळ्या गोळ्या दिल्यात, त्या द्याव्यात का? आणि इथे सुया टोचणारा माणूस पारखायचा कसा?

काढा_आणि_चूर्ण: गोळ्या आधी बाजूला ठेवा. हा गुडघे-कंबरेसाठीचा जुना, १५ वनस्पतींचा नुस्खा आहे, पण तुमच्या आईंच्या औषधांशी त्याचं जमत नाही. त्यातलं गान्साओ म्हणजे आपल्या ज्येष्ठमधाचंच भावंड. ते बीपी चढवतं आणि पोटॅशियम उतरवतं. लघवीच्या गोळीनेही बहुधा पोटॅशियमच जातं, म्हणजे दुहेरी मार: पायात गोळे, थकवा, छातीत धडधड. त्यातलीच दांग्ग्वेई ही मुळी आणि अ‍ॅस्पिरिन एकत्र आले की रक्तस्रावाचा धोका वाढतो. शीशिन ही वनस्पती अ‍ॅरिस्टोलोकियाच्या कुळातली. त्या कुळातलं आम्ल मूत्रपिंड कायमचं बिघडवतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन उतरवायच्या गोळ्यांत नामसाधर्म्यामुळे भलतीच मुळी पडली आणि अनेकांची मूत्रपिंडं गेली.

दुसरी भीती भेसळीची. बाटलीवर आयातदाराचं नाव-पत्ता आणि बॅच नंबर नसेल तर आत स्टेरॉइड किंवा डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक असू शकतं. झिजलेला गुडघा दोन दिवसांत मोकळा झाला तर तो वनस्पतींचा गुण समजू नका, संशय घ्या.

विडी_घरकुल: खरं तर त्या गोळ्या महिनाभर रोज घेतेयच ती. आराम लगेच पडला होता, चेहरा जरा सुजल्यासारखा वाटतो. आजच बंद करू?

काढा_आणि_चूर्ण: आजच बाटली आणि सगळी औषधं घेऊन फिजिशियनकडे जा, सिव्हिलची मेडिसिन ओपीडीही चालेल. स्टेरॉइड असेल तर एकदम तोडल्यावर बीपी कोसळू शकतं, म्हणून कसं थांबवायचं ते त्यांनाच ठरवू द्या. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), पोटॅशियम आणि साखर तपासून घ्या. उलट्या, चक्कर, गुंगी दिसली तर ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी.

सुई_०२५: आता सुयांचं. अ‍ॅस्पिरिन ७५ वर सुया चालतात. सुई काढल्यावर मिनिटभर कापूस दाबून धरायचा, नाहीतर काळंनिळं होतं. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध असतं तर आधी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) बघायला सांगितलं असतं.

आईंना झोपवून, गुडघ्याखाली उशीची गुंडाळी देऊन टोचावं. बसवून टोचलं की भोवळ येण्याची शक्यता जास्त, त्यात आपल्याकडचा उन्हाळा. उपाशीपोटी नेऊ नका. नेहमीचे बिंदू म्हणजे वाटीखालचे दोन खळगे, त्याच्या चार बोटं खाली नडगीच्या बाहेरच्या कडेला झूसान्ली, आणि पोटरीच्या बाहेरच्या हाडाच्या डोक्यापुढचा यांगलिंगच्वेन. सुई ०.२५ मिलिमीटर जाडीची, २० ते ३० मिनिटं. आत जडपणा किंवा दाब जाणवणं अपेक्षित आहे, वीज चमकल्यासारखी कळ आली तर लगेच सांगायचं. खळग्यांतली सुई सांध्याजवळ जाते, म्हणून तिथे स्पिरिटने पुसण्यात हयगय नको. आठवड्याला दोनदा, आठेक बैठका करून बघा. जिना चढताना फरक नसेल तर पुढे पैसे घालू नका. झीज भरून येत नाही, दुखणं कमी होऊ शकतं, तेही सगळ्यांचं नाही.

माणूस पारखताना महाराष्ट्र अ‍ॅक्युपंक्चर परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. सुईचं निर्जंतुक पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे आणि वापरलेली सुई डब्यात गेली पाहिजे. डबीत ठेवलेल्या, ‘तुमच्याच आहेत’ म्हणून पुन्हा वापरायच्या सुया दिसल्या तर उठून या. डॉ. कोटणीस आपल्या सोलापूरचे, त्यांचा अभिमान आहेच, पण ते १९३८ साली चीनला गेले ते आधुनिक वैद्यकाचे डॉक्टर म्हणून. भिंतीवर त्यांचा फोटो आहे म्हणून टोचणाऱ्यावर भरवसा ठेवू नका.

आणि विड्या वळताना खाली मांडी घालण्याऐवजी खुर्ची आणि मांडीवर सूप घेता आलं तर बघा. रोज आठ तास दुमडलेल्या गुडघ्याला आठवड्यातल्या दोन बैठका पुरणार नाहीत.