मदत हवी आहे: आईची स्लीप स्टडी, न उतरणारं ट्रायग्लिसराइड आणि मशीनचा निर्णय

नमस्कार मंडळी,

आईसाठी विचारतेय. वय ५९, राहते साताऱ्यात. उंची पाच फूट एक इंच, वजन ७१ किलो. पाळी जाऊन नऊ वर्षं झाली. बीपीची गोळी चालू आहे, तरी वरचा आकडा १४५च्या खाली येत नाही.

गेल्या दिवाळीनंतर तिचं लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी केली. ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) ३०१, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६. तेव्हापासून घरातले सगळे तिच्या ताटाकडे बघायला लागले, मीसुद्धा. तूप बंद, शेंगदाण्याचं कूट बंद, ओलं खोबरं बंद. सात महिन्यांनी परत तपासलं: एकूण कोलेस्टेरॉल २२८, ट्रायग्लिसराइड २८६, एचडीएल ३६, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १३५. म्हणजे जवळजवळ तिथेच. रिपोर्ट बघून ती एवढंच म्हणाली, "मी खरंच काही खात नाही गं." त्यावर आमच्यातलंच कुणीतरी बोलून गेलं, "चोरून खात असशील." ते मला अजून टोचतंय.

आता घोरण्याचं. आई घोरते हे आम्हाला लहानपणापासून माहीत आहे. त्याची तिला फार लाज वाटते. लग्नकार्यात ती सगळ्या बायकांबरोबर हॉलमध्ये झोपत नाही, काहीतरी कारण काढून रात्रीच घरी परतते. बाबा गेल्यापासून तिच्या खोलीत दुसरं कुणी नसतं, त्यामुळे पुढचं कुणाला कळलंच नाही. मे महिन्यात मी माहेरी गेले तेव्हा तिच्याशेजारी झोपले. घोरणं चढत जातं आणि एकदम थांबतं. छाती-पोट हलत असतं, पण नाकाशी हात धरला तर वारा लागत नाही. मोबाइलवर मोजलं, २२ सेकंद. मग घुसमटल्यासारखा आवाज येतो, हात झटकला जातो आणि बांगड्या वाजतात. बांगड्या वाजल्या की श्वास परत आला असं समजायचं. मी त्या रात्री झोपले नाही. सकाळी तिला यातलं काहीच आठवत नव्हतं. "डोकं जड झालंय", एवढंच.

छातीच्या डॉक्टरांनी घरीच स्लीप स्टडी करायला दिली. बोटाला ऑक्सिमीटर, नाकाशी नळी, छातीला पट्टा. एएचआय ३४ आला, म्हणजे तासाला ३४ वेळा श्वास पूर्ण किंवा अर्धवट अडतो. या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात, आणि ३०च्या वर तो तीव्र समजतात. ऑक्सिजन सर्वांत कमी ७१ टक्क्यांपर्यंत उतरला होता.

वाचून जे समजलं ते असं. रात्रभर ऑक्सिजन पडतो आणि चढतो. प्रत्येक वेळी शरीर धोका समजून ॲड्रेनलिन सोडतं. त्याने साठलेल्या चरबीतून फॅटी ॲसिड सुटतात, ती यकृतात जातात आणि यकृत त्यांचं ट्रायग्लिसराइड करून रक्तात सोडतं. उंदरांवरच्या प्रयोगांत असंही दिसलंय की रक्तातलं ट्रायग्लिसराइड उपसणारं एन्झाइम मंदावतं. आवक वाढते, निचरा कमी होतो. हे वाचलं तेव्हा आईची माफी मागावीशी वाटली. पण पोटावरची चरबी हे दोन्ही आजारांचं कारण असू शकतं, त्यामुळे कशाने काय झालं हे सांगणं सोपं नाही, हेही कळतंय.

यावर सीपॅप मशीन सुचवतात, ते मास्कमधून हवेचा दाब देऊन झोपेत श्वासाची वाट उघडी ठेवतं. ते विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं की तीन महिन्यांत कोलेस्टेरॉल उतरेल, गोळी लागणारच नाही. पुराव्यादाखल त्याने २०११ सालचा एक अभ्यास पाठवला: न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला, दिल्लीत ८६ रुग्णांवर झालेला. मी शोधलं तर तो लेख २०१३ मध्ये मागे घेतला गेलाय! मशीन घ्यायला आमची ना नाही, पण असलं सांगून का विकायचं?

माझे प्रश्न: मशीनने लिपिड खरंच उतरतं का? डॉक्टरांनी स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) लिहून दिलीय, ती सुरू करायची की आधी मशीनचा परिणाम बघायचा? आणि ज्यांच्या घरी मशीन आहे त्यांनी सवय कशी लावली?

प्रतिसाद १

ताई, मी चार वर्षं सीपॅप लावून झोपतो. एकदम विकत घेऊ नका. महिनाभर भाड्याने मिळतं, ते आणा आणि मास्क आईंच्या चेहऱ्यावर बसवून बघा. कवळी असेल तर ती काढल्यावर हवा गळते, म्हणून रात्री जशा झोपतात तसंच मास्कचं माप घ्यायला सांगा. पहिले चार-पाच दिवस संध्याकाळी टीव्ही बघताना नुसतं लावून बसायचं. पाण्याच्या टाकीत डिस्टिल्ड वॉटरच घाला. आणि तास महत्त्वाचे. २०१६ साली सेव्ह नावाची मोठी चाचणी आली, त्यात सीपॅपने हार्ट अटॅक आणि स्ट्रोक कमी झालेले दिसले नाहीत. पण लोकांनी मशीन सरासरी लावलं होतं रात्री ३.३ तास! माझं लिपिड फारसं बदललं नाही, बीपी मात्र उतरलं. आणि गाडी चालवताना पेंगणं बंद झालं, ते वेगळंच.

प्रतिसाद २

औषधशास्त्र शिकवते, आईंना तपासलेलं नाही, हे धरून वाचा. पहिलं, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) केलंय का? थायरॉइड मंदावलं तर कोलेस्टेरॉलही वाढतं आणि घशाच्या ऊती सुजून श्वासही अडतो. दोन्हीचं मूळ एकच निघू शकतं. दुसरं, स्टॅटिनसाठी मशीनची वाट बघू नका. मशीनने लिपिडवर होणारा परिणाम थोडा असतो आणि प्रत्येक अभ्यासात सारखा दिसत नाही. मशीन झोप, ऑक्सिजन आणि बीपीसाठी घ्यायचं. गोळी हृदयाचा एकूण धोका बघून ठरते, आणि ते डॉक्टरांनी ठरवलेलं दिसतंय. तिसरं, तुम्ही तूप बंद केलंत, पण ट्रायग्लिसराइड साखर, मैदा आणि भाताने जास्त चढतं. २८६ म्हणजे घबराटीचा आकडा नाही, स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती ५००च्या पुढे वाढते. वजन दहा टक्के उतरलं तर एएचआय साधारण पाव हिश्श्याने कमी होतो, असं अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या पाहणीत दिसलंय. सात किलोचं लक्ष्य ठेवा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. टीएसएच तीन वर्षांत झालंच नव्हतं. काल रक्त दिलं, ९.८ आलंय, म्हणजे वाढलेलंच. सोमवारी डॉक्टरांकडे जातोय. स्टॅटिन त्यांना फोनवर विचारून सुरू केली.

साखरेचं वाचून आईला विचारलं. दिवसाला सहा कप चहा, प्रत्येकात दोन चमचे! "झोप उडत नाही म्हणून घेते", म्हणाली. आम्ही तिच्या ताटातलं तूप मोजत बसलो आणि कप कुणी बघितलेच नाहीत. रात्रभर गुदमरणाऱ्या बाईला दिवसा चहा लागणारच. आता दोन कपांवर आणायचं ठरलंय, तेही तिनेच ठरवलं.

मशीन भाड्याने आणलंय. पहिल्या रात्री दीड तास, काल सव्वाचार. काल बांगड्या वाजल्या नाहीत म्हणून घाबरून मी दोनदा उठून तिच्या नाकाशी कान नेला. मास्कमधून वारा संथ चालू होता.

लिपिड तीन महिन्यांनी परत करणार आहोत, रिपोर्ट इथेच लिहीन. तोवर एक विचारायचंय: मास्कमुळे नाकाच्या दांड्यावर लाल वळ उठतोय. पट्टा सैल केला की हवा डोळ्यांत जाते. तुम्ही काय करता?