जुना आयबीएमचा बिलिंग कीबोर्ड, पिन ओळखा

गिरगावचा_बंड्या:
चोर बाजारात आयबीएमचा दुकानाच्या काउंटरवरचा जुना कीबोर्ड मिळालाय. बटणांवर पारदर्शक टोप्या आहेत, आत कागद सरकवून नावं लिहायची, शिवाय किल्लीचं कुलूप आणि कार्ड घासायची फट, आणि आवाज तर काय कडक आहे राव! पण वायरच्या टोकाला गोल पिन नाहीये, चपटी आहे, लँडलाइनच्या पिनीसारखी पण पत्र्याच्या कव्हरची. भंगारवाला म्हणतो कन्व्हर्टर लगाओ चल जायेगा. कन्व्हर्टर आणायला लॅमिंग्टन रोडला जाऊ का?

सोल्डरकाका:
थांब, पैसे घालवू नको. ती एसडीएल पिन आहे, आयबीएम वापरायची ती चपटी जोडणी. आयबीएमच्या मॉडेल एम या कॉम्प्युटरच्या कीबोर्डला मागे बहुतेक हाच सॉकेट असतो म्हणून सगळे फसतात, पण तिथे वायरचं दुसरं टोक गोल असतं, बहुतेक पीएस/२ (जुन्या पीसीची छोटी गोल पिन). तुझ्याकडे मशीनच्या बाजूलाच एसडीएल आहे म्हणजे बहुतेक आयबीएमच्या ४६८३, ४६९४ असल्या बिलिंग टर्मिनलचा आरएस-४८५ वाला माल (एकाच लाइनवर अनेक डिव्हाइस बोलायची पद्धत). त्यात टर्मिनल एकेका डिव्हाइसला विचारतं आणि मग ते उत्तर देतं, पीएस/२ मध्ये बटण दाबलं की कीबोर्ड स्वतःच क्लॉक देऊन कोड पाठवतो, त्यामुळे वायर कापून गोल पिन जोडलीस तरी काही होणार नाही, उलट व्होल्टेज वेगळं असेल तर बोर्ड उडेल.

चेरी_चाहता:
मागचा स्टिकर बघ आधी, पार्ट नंबर आणि तारीख. तारीख १९८७ च्या आधीची असेल तर पीएस/२ चा प्रश्नच नाही, तो पोर्टच तेव्हा आला. आणि नुसत्या दिसण्यावर जाऊ नको, असे कीबोर्ड पुढे पीएस/२ आणि यूएसबीमध्येही निघाले. २०१२ मध्ये आयबीएमचा हा दुकानी मशीनचा धंदा तोशिबाकडे गेला, त्यामुळे नंतरच्या मालावर तोशिबा लिहिलेलं दिसेल. यूएसबीची पिन दुमजली असेल तर ती पॉवर्ड यूएसबी, म्हणजे जादा वीज देणारी, पिनीचा रंग हिरवट-निळा तर १२ व्होल्ट, लाल तर २४.

दादरकर७१:
गोल मोठी ५ पिनांची मिळाली तरी लगेच खूश होऊ नका. एटी आणि एक्सटी या आयबीएमच्या जुन्या पीसी, दोन्हीच्या कीबोर्डला तीच पिन. एटीला पीएस/२ चा साधा अडॅप्टर चालतो, एक्सटीची भाषाच वेगळी.

गिरगावचा_बंड्या:
स्टिकरवर १९९३ आहे, पण पिन चपटीच. म्हणजे आरएस-४८५ च वाटतंय. मग शोभेला ठेवू?

सोल्डरकाका:
शोभेला कशाला? उघड, आतला बोर्ड बाजूला काढ, बटणांच्या चपट्या पट्ट्या एखाद्या मायक्रोकंट्रोलरला (छोट्या प्रोग्राम करता येणाऱ्या चिपच्या बोर्डाला) जोड आणि त्यात क्यूएमके हे कीबोर्डचं फुकट सॉफ्टवेअर टाक, साधा यूएसबी कीबोर्ड होईल. कुठली लाइन कुठल्या बटणाची हे मल्टीमीटर घेऊन शोधायचं, एवढंच किचकट काम. कार्ड रीडर मात्र विसर, आणि जुना बोर्ड फेकू नको.

चेरी_चाहता:
पुढच्या वेळी पीएस/२ वाला प्रे (Preh) किंवा चेरी कंपनीचा शोध. फक्त त्यात जुन्या दुकानाचे कोड मेमरीत राहिलेले असतात, एक बटण दाबलं की पाच अक्षरं उमटतात, तो बिघाड नसतो, नवीन प्रोग्राम भरायचा.

दादरकर७१:
बंड्या, त्या पारदर्शक टोप्या जास्तीच्या असतील तर सांग रे, माझ्याकडच्या पिवळ्या पडल्यात.