मोटार चोरीला गेली तरी लोक ठाण्याची पायरी का चढत नाहीत?

शिवारातला (परभणी जिल्हा)

रब्बी सुरू झाली की विहिरीवरची मोटार, केबल, स्टार्टर, आखाड्यावरचं (शेतातल्या वस्तीवरचं) सामान, दुचाकी असं रोज कुठं ना कुठं काहीतरी जातं. पण गावात चार चोऱ्या झाल्या तर ठाण्यात जाणारा एखादाच. बाकीचे आधी पुढाऱ्याला फोन लावतात, नाहीतर "तिथं जाऊन काय मिळणार" म्हणून गप बसतात. जो जातो तो दोन चकरा मारून "अर्ज दिलाय" म्हणतो, अन् पुढं काहीच होत नाही.

जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्यात. पोलिसांवर सामान्य माणसाचा भरोसा नाही याचं नेमकं कारण काय? आणि भरोसा असो नसो, तक्रार करायचीच असेल तर ती कशी करावी म्हणजे वाया जाणार नाही? "पोलीस सगळे तसलेच" हे माहीत आहे, ते सोडून सांगा.

---

स्टेशनडायरी

"अर्ज दिलाय" या दोन शब्दांतच निम्मं उत्तर आहे.

ठाण्यात तीन वेगवेगळे कागद होतात आणि बहुतेकांना ते एकच वाटतात. पहिला साधा तक्रारी अर्ज. तो आवक रजिस्टरला लागतो, चौकशीसाठी बीट अंमलदाराकडे (त्या भागातली गावं सांभाळणाऱ्या पोलिसाकडे) जातो आणि बहुधा तिथंच राहतो. दुसरा एनसी, म्हणजे अदखलपात्र. त्याची नोंद होते, पण न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. तिसरी खरी फिर्याद, म्हणजे एफआयआर. तिला गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) पडतो, कलम लागतं, तपासी अंमलदार नेमला जातो आणि शेवटी कोर्टात काहीतरी अहवाल द्यावाच लागतो. माणूस अर्ज देऊन येतो, सहा महिने गुन्हा दाखल झाल्याच्या समजुतीत राहतो आणि मग म्हणतो की पोलिसांनी काहीच केलं नाही. कागदोपत्री पाहिलं तर पोलिसांना करण्यासारखं काही दिलेलंच नसतं.

ठाणं अर्जावर का भागवतं? गुन्हा नोंदवला की तो आकड्यात येतो. मोटारचोरी सहसा उघडकीस येत नाही, मग महिन्याच्या क्राइम मीटिंगमध्ये प्रभारी अधिकाऱ्याला विचारणा होते. अर्ज कुणी मोजत नाही. त्यात एका बीटला अनेक गावं, वरून गणपती, निवडणूक, मोर्चे यांचा बंदोबस्त. हे समर्थन नव्हे, टेबलापलीकडचा माणूस कसा विचार करतो ते सांगतोय.

म्हणून ठाणे अंमलदाराला एकच प्रश्न विचारायचा: "गु.र.नं. काय पडला?" नंबर सांगितला तर फिर्याद झाली. "बघू", "साहेब आल्यावर", "आधी चौकशी करतो" असं आलं तर अर्ज झाला. फिर्यादीची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, त्यासाठी झेरॉक्सचेही पैसे द्यायचे नसतात. संवेदनशील गुन्हे सोडले तर एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर जिल्हा, ठाणं आणि तारीख टाकून शोधता येतो.

---

कोर्टपायरी

वरच्या उत्तरात कायद्याची भर घालतो, कारण १ जुलै २०२४ पासून कलमं बदललीत आणि गावागावांत अजून फिर्यादीचं जुनं १५४ आणि चोरीचं जुनं ३७९ च चाललंय.

आता फिर्याद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली नोंदते. चोरी भारतीय न्याय संहितेच्या ३०३ मध्ये. इथं शेतकरी कुठं अडकतो ते नीट बघा: ५ हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी नव्या कायद्यात अदखलपात्र झाली आहे. म्हणजे मोटारीची किंमत "जुनी आहे हो, असेल तीन-चार हजारांची" अशी तोंडी सांगितली की तुमच्याच बोलण्यानं एनसी होते. मोटार, केबल आणि स्टार्टर एकाच वेळी गेले असतील तर तिन्हींची किंमत एकत्र लिहा, आजच्या बाजारभावानं पण खरी. बिल असेल तर जोडा. नसेल तर दुकानदाराकडून दुय्यम प्रत काढा. तीही मिळत नसेल तर ज्यानं मोटार बसवली त्या मेकॅनिकचं नाव साक्षीदार म्हणून द्या.

दुसरी खुबी जागेची. मोटार उघड्या विहिरीवरून गेली तर ३०३. पण शेतातल्या कुलूपबंद खोलीतून, म्हणजे माल ठेवायच्या इमारतीतून गेली तर ३०५ लागतं. त्याला शिक्षा ७ वर्षांपर्यंत आहे आणि किंमत कितीही असली तरी ते दखलपात्र आहे. फिर्यादीत नुसतं "शेतातून चोरीला गेली" लिहिलं की हा फरक पुसला जातो. खोली, कडी, कुलूप आणि कुलूप कसं तोडलं होतं, हे लिहायला लावा.

"आधी चौकशी करतो" याबद्दल. सर्वोच्च न्यायालयाच्या ललिताकुमारी निकालानं २०१३ मध्ये ठरवलं की माहितीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवलाच पाहिजे. नव्या कायद्यानं त्यात एक फट ठेवली आहे: ३ वर्षं किंवा जास्त पण ७ वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात आधी प्राथमिक चौकशी करता येते. साधी चोरी ३ वर्षांची, म्हणजे त्यात बसते. पण त्यासाठी डीवायएसपींची (पोलीस उपअधीक्षकांची) परवानगी लागते आणि चौकशी १४ दिवसांत संपवावी लागते. तेव्हा चौकशी म्हणाले तर वाद घालू नका. "परवानगी कोणत्या तारखेची?" एवढंच विचारा. परवानगी घेतलेली नसेल तर तिथंच सूर बदलतो.

नोंदवायला नकारच दिला तर तीच फिर्याद लेखी स्वरूपात, तारखेसह आणि कुणी नकार दिला त्याच्या पदासह एसपींना (पोलीस अधीक्षकांना) रजिस्टर पोस्टानं पाठवा. छत्रपती संभाजीनगर शहरात आयुक्तालय आहे, तिथं आयुक्तालयातल्या वरिष्ठांना पाठवा. बाकी ग्रामीण भागात जिल्ह्याचे एसपी. पोचपावती जपून ठेवा. त्यानंतरही हालचाल नाही झाली तर तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे कलम १७५(३) चा अर्ज, म्हणजे पोलिसांना तपासाचा आदेश द्या असा. त्याला शपथपत्र लागतं आणि एसपींकडे आधी गेल्याचा पुरावाही लागतो. थेट कोर्टात गेलेले बरेच अर्ज याच कारणानं पडतात. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे आणि अपंग फिर्यादी यांना तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या अटीवर.

---

बाभळबन

कलमं बरोबर आहेत हो दादा, पण अविश्वास काही कलम माहीत नसल्यानं आलेला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातलं मस्साजोगच्या सरपंचाच्या खुनाचं प्रकरण झालं. त्याच महिन्यात परभणीत न्यायालयीन कोठडीत तरुणाचा मृत्यू झाला आणि त्यात पोलिसांवर गुन्हा नोंदवायला २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाचा आदेश लागला. कायदा शिकणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे होतं, तर आखाड्यावरच्या सालगड्यानं कुणाच्या भरोशावर जायचं?

दुसरं, लोक ठाण्यात शिरताना आधी आडनाव बघतात. साहेब कोणत्या समाजाचा, समोरचा कोणत्या समाजाचा. बीड पोलिसांनी २०२५ मध्ये गणवेशावरच्या आणि टेबलावरच्या पाट्यांवरून आडनावं काढून नुसती नावं ठेवली, ती काही हौसेपोटी नाही. पाटी बदलल्यानं मन बदलतं का, हा प्रश्न निराळा. पण रोग आहे हे खात्यानंच मान्य केलं.

आणि पुढाऱ्याला फोन का लावतात? कारण फोन केल्यावर काम होतं. मग फोन न करणाऱ्याचं काम मागं पडतं, अन् पुढच्या वेळी तोही फोन करतो. कायदा सांगणाऱ्यांनी हे चक्र पण सांगावं.

---

कोर्टपायरी

बाभळबन, तुमचं नाकारत नाही. म्हणूनच भरोशाच्या जागी पुरावा ठेवा म्हणतोय. पुढाऱ्याचा फोन कुठं नोंदला जात नाही आणि उद्या तो समोरच्यासाठीही जाऊ शकतो. ११२ वर केलेला कॉल नोंदला जातो. ती फिर्याद नव्हे, पण अमुक वेळेला कळवलं होतं याचा पुरावा आहे. तसंच सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या आदेशानं ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण १८ महिने, आणि ते जमत नसेल तिथं किमान वर्षभर, ठेवायचं आहे. ठाण्यात गेलात की तारीख, आत गेल्याची वेळ आणि कोणत्या टेबलासमोर बसलात ते घरी आल्यावर लिहून ठेवा. माहिती अधिकारात चित्रण मागताना अशी नेमकी वेळ नसेल तर अर्ज मोघम ठरतो.

---

खोडवा_ऊस

मोटारीपुरतं बोलतो.

चोराला मोटार नको असते, तांबं पाहिजे असतं. वाइंडिंग काढतात आणि बॉडी ओढ्यात टाकतात. केबल एखाद्या ओढ्या-नाल्याच्या काठाला जाळून वरचं प्लास्टिक काढतात. जळल्याचा काळा डाग दिसला तर त्याला हात लावू नका, तो पंचनाम्यात आला पाहिजे. उरलेली केबल वर ओढून काढायची घाई बरेच जण करतात. कापलेलं टोक करवतीचं की कटरचं हे पंचांना दिसलं पाहिजे, म्हणून ती तशीच राहू द्या.

फिर्यादीत हे पाहिजे: कंपनी, किती एचपी, सबमर्सिबल की ओपनवेल, नेमप्लेटवरचा सिरीयल नंबर, केबल किती फूट आणि किती कोअरची, गट नंबर, शेवटचं कधी पाहिलं आणि गायब कधी दिसलं. "काल रात्री" असं नको, "अमुक तारखेच्या संध्याकाळी सात ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या दरम्यान" असं पाहिजे. उशिरा गेलात तर उशिराचं कारणही लिहा, फॉर्मात त्याचा रकाना असतो.

सिरीयल नंबर नसला तर काय होतं? एलसीबीनं (स्थानिक गुन्हे शाखेनं) टोळी धरली, पंधरा-वीस मोटारी जप्त झाल्या, पेपरात फोटो आला. त्यातली तुमची कोणती? सांगता आलं नाही तर मोटार मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या मागं गंजत पडते. म्हणून आजच बॉडीवर वेल्डिंगनं दोन अक्षरं पाडा अन् नेमप्लेटसकट फोटो काढून ठेवा. सापडली तर कोर्टाकडून सुपुर्दनाम्यावर (मागाल तेव्हा हजर करतो अशा हमीवर) सोडवून आणता येते, खटला संपायची वाट पाहायची गरज नाही.

कालव्यावर नाहीतर नदीपात्रात विनापरवाना मोटार टाकलेले तोंड उघडत नाहीत, "उलटं आपल्यावरच येईल" म्हणून. परवान्याचा मामला पाटबंधारे खात्याचा, तो तुम्हाला निस्तरावा लागेलच, पण त्यानं चोरी माफ होत नाही. डीपीतलं (ट्रान्सफॉर्मरमधलं) तेल किंवा तांबं गेलं असेल तर मात्र फिर्यादी महावितरण, तुम्ही नाही. तिथं लाइनमनच्या मागं लागा.

---

ज्वारीचंकणीस

पंचनाम्याला यायचं म्हणून "गाडीत डिझेल टाका" म्हणणारे असतात. त्यावर कुणी बोललं नाही. आणि घरात बाईमाणूसच असेल तर चौकशीला ठाण्यात बोलावतात, ते चालतं का?

---

स्टेशनडायरी

ताई, दुसऱ्याचं आधी सांगतो. साक्षीदार म्हणून बाईला, १५ वर्षांखालच्या मुलाला आणि ६० वर्षांवरच्या माणसाला घर सोडून दुसरीकडं हजर राहायची सक्ती करता येत नाही, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९. जबाब घ्यायला पोलिसांनी घरी यायचं. स्वतःहून जायचं असेल तर जाता येतं. मात्र हे साक्षीदारापुरतं आहे, आरोपीच्या नोटिशीला हा नियम लागत नाही.

डिझेल, चहापाणी, "साहेबांना भेटून घ्या" ही सगळी मागणीच. लाचलुचपत प्रतिबंधकचा नंबर १०६४, मराठवाड्यात परिक्षेत्राची कार्यालयं छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडला. पैसे देण्याआधी कळवलं तर आधी पंचासमोर मागणीची पडताळणी होते, मगच सापळा. नुसतं "त्यानं मागितले होते" यावर कारवाई उभी राहात नाही, म्हणून मागणी झाली की "उद्या देतो" म्हणून वेळ घ्यायची. नाइलाजानं द्यावेच लागले असतील तर ७ दिवसांच्या आत कळवा, नाहीतर कायद्यानं देणाराही अडकतो. आणि खरं सांगायचं तर डिझेल देऊन केलेला पंचनामा काही जास्त चांगला होत नाही.

---

शिवारातला

लई कामाचं सांगितलं सगळ्यांनी. एक राहिलं. फिर्याद झाली, नंबर पडला, तरी चोर सापडलाच नाही. मग?

---

कोर्टपायरी

९० दिवसांत तपासाची प्रगती फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, त्याच संहितेचं कलम १९३. नाही कळवली तर गु.र.नं. टाकून लेखी विचारा. तपास थांबवताना पोलीस कोर्टात समरी, म्हणजे तपास बंद करायची मंजुरी, मागतात. "अ" म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. "ब" म्हणजे फिर्याद खोटी. "क" म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची. दुचाकीच्या विम्यासाठी "अ" समरीची प्रत लागते, सोबत दोन्ही चाव्या. शिवाय विमा कंपनीला चोरी झाल्या झाल्या कळवलेलं पाहिजे. "ब" किंवा "क" आली तर कोर्टात हरकत नोंदवता येते, पण त्यासाठी नोटीस हातात पडली पाहिजे.

ती फिर्यादीतल्या पत्त्यावर येते. पत्ता म्हणून शेताचा गट नंबर लिहिला असेल तर पोस्टमन परत नेतो. घराचा पत्ता, पिनकोड आणि चालू मोबाईल नंबर लिहा.