रविवारचा भाग आणि घरचा ग्रुप

काका: झाला आजचा भाग बघून. ही ‘हाउस ऑफ फाइव्ह लीव्हज’ सामुराईची जपानी कार्टून मालिका (अ‍ॅनिमे) म्हणून लावलीस ना गं? मग तलवार कधी निघणार?

दादा: निघते की काका. तुम्ही चष्मा पुसेपर्यंत म्यानात परत जाते.

आत्या: मला तर नकोच निघायला. तो मासा एवढा उंच, हात एवढा तयार, पण चार लोक बघायला लागले की पार आक्रसून जातो. म्हणून तर मालकानं काढून टाकलं.

काकू: पूर्ण मासानोसुके म्हणा हो. नुसतं मासा म्हटलं की मला बाजार आठवतो 😄

काका: पण बिनकामाचे एवढे सामुराई आले कुठून?

दादा: १६०३ ला जपानात तोकुगावा घराण्याची सत्ता आली, मग अडीचशे वर्षं मोठी लढाईच फारशी नाही. सरदारांची घराणी बरखास्त झाली की पदरचे लोक रस्त्यावर. त्यांनाच रोनिन म्हणतात. जे नोकरीत टिकले त्यातले कितीतरी कारकुनीच करत होते.

काका: बरं. मग उपाशी माणसानं खंडणीबहाद्दर टोळीत जायचं? सरळ चौकीवर जाऊन सांगायचं की.

मी: सांगेलही, पण कोणाचं नाव घेऊन? शहरात आल्यापासून त्याच्याशी आपुलकीनं बोलणारा पहिला माणूस याइचि, आणि नेमका तोच टोळीचा म्होरक्या. बाकीचे तरी कोण? खानावळ चालवणारा उमेझो, दागिने घडवणारा मात्सुकिचि, हसतमुख ओताके. खंडणीचा वाटा नको म्हणतो, पण पाय पुन्हा उमेझोच्याच दाराशी वळतात.

आत्या: वाटा नको आणि संगत हवी. आपल्याकडेही आहेत असे लोक, नाव घेत नाही.

काका: माझ्याकडे बघून टाइप केलंस का हे?

आई: 🌹 सुप्रभात 🌹 आजचा दिवस आनंदात जावो

दादा: आई, रात्रीचे साडेदहा वाजलेत.

काकू: पण तो आजारी पडला ते काय होतं? पाय सुजलेले, अंगात त्राण नाही. मग त्या म्हाताऱ्या आजोबांकडे राहायला पाठवला.

वहिनी: बेरीबेरी. कोंडा काढलेला पांढराशुभ्र भात खायचा, त्यात ब१ जीवनसत्त्व जवळजवळ उरतच नाही. गावाकडून एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, आलेले लोक आजारी पडायचे आणि गावी परतले की बरे व्हायचे. म्हणून लोक याला एदोचं दुखणंच म्हणायचे. पुढे १८८० च्या दशकात ताकाकी कानेहिरो या नौदलाच्या डॉक्टरांनी खलाशांचं जेवण बदलून हा आजार आटोक्यात आणला. जीवनसत्त्व हा शब्दसुद्धा तेव्हा नव्हता.

काकू: सासूबाई म्हणतात, मी हातसडीचा तांदूळ आणा म्हणते तेव्हा कोणी ऐकत नाही, आता जपान्यांनी सांगितलं म्हणून ऐका 🙏

काका: ठरलं. उरलेले भाग शनिवारी एका बैठकीत संपवू.

मी: नाही काका. सगळे मिळून १२ भाग. २०१० मध्ये एप्रिल ते जुलै, दर गुरुवारी रात्री उशिरा एकेक दाखवला होता. ही ओळीनं संपवण्याची मालिका नाही. एका भागात घडतं काय, तर कोणीतरी दारू ओतली, कोणीतरी नजर चुकवली. सलग बघितलं तर डुलकी लागेल. मध्ये आठवडा गेला की तीच नजर डोक्यात राहते. मंगळवारी आत्यानं मला फक्त एवढंच विचारायला फोन केला होता, की याइचि खरं हसला का तोंडदेखलं.

आत्या: तोंडदेखलं. मी अजून तेच म्हणते. चिलीम ओढताना बघ, हसू ओठांच्या वर सरकतच नाही.

वहिनी: मला खरं वाटलं. एकदाच, पण खरं.

काकू: चेहरे तर सगळ्यांचे बेडकासारखे, तोंडं रुंद. पहिल्या रविवारी मी उठून जाणार होते.

मी: ती मूळ चित्रकथेची लेखिका नात्सुमे ओनो हिची रेषाच तशी आहे. दिग्दर्शक तोमोमी मोचिझुकी यांनी ती गोड करायचा प्रयत्न केला नाही, हे मला फार आवडलं. रंगही विटके, मातकट.

दादा: आणि काका, तलवारबाजीच हवी असेल तर याच मँग्लोब स्टुडिओची २००४ ची ‘सामुराई चांपलू’ आहे. तिथे पोटभर.

काका: ती लाव की मग!

आत्या: आधी ही संपू दे.

काका: पुढच्या रविवारी साखरपुडा आहे, मला जमणार नाही. सोमवारी ठेवता का?

आत्या: आता तलवार नसली तरी चालते वाटतं 😏

काका: विषय तो नाही. मात्सुकिचिला काही होत नाही ना, एवढं तरी सांग पोरी.

मी: सोमवारी, साडेनऊ.

काका: अगं हो किंवा नाही, एवढंच!

*दादा यांनी हा मेसेज डिलीट केला.*

आत्या: कोणी वाचला?