हँडिकॅप स्पर्धेत पहिल्यांदाच नाव द्यायचंय, सल्ला हवा

नवी टी
नमस्कार. गेली अडीच वर्षं गोल्फ खेळतेय, हँडिकॅप इंडेक्स (खेळाडूला सवलतीचे फटके ठरवणारा आकडा) सध्या २६.४ आहे. आजवर खेळले ते नेहमीच्या तीन मैत्रिणींबरोबरच. आता एका दिवसाच्या हँडिकॅप स्पर्धांमध्ये उतरावं असं फार वाटतंय, पण अर्ज भरायला घेतला की हात थांबतो. स्टेबलफोर्ड, स्ट्रोक प्ले, फोरबॉल, स्क्रॅम्बल असे प्रकार दिसतात. पहिल्यांदा कुठला घ्यावा? माझ्यामुळे गटातल्या बाकीच्यांचा खोळंबा होईल का? आणि सगळ्यात मोठी धाकधूक म्हणजे, स्वतःच्या हँडिकॅपइतकंही खेळता आलं नाही तर? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

वाळूतून
स्टेबलफोर्ड घ्या. दुसरा विचारच करू नका.

स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे सगळे फटके मोजायच्या प्रकारात, एका होलवर दहा-अकरा फटके गेले की पुढचे तेरा होल तो आकडा डोक्यावर बसतो. स्टेबलफोर्डमध्ये त्या होलचे शून्य गुण, आणि पुढच्या टीवर (होलच्या सुरुवातीच्या जागी) पाटी कोरी. डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांनी ही पद्धत काढली ती याच कारणासाठी. सुरुवातीचे एक-दोन होल बिघडले की माणसं मनातून हार मानतात, हे ते बघत होते. इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबवर १९३२ च्या मे महिन्यात या पद्धतीची स्पर्धा झाली आणि तिथून ती सगळीकडे पसरली.

गुण निव्वळ फटक्यांवर मिळतात: हँडिकॅपचे फटके वजा करून पार (होलला ठरवून दिलेले फटके) झाला तर २, बर्डी (एक कमी) ३, बोगी (एक जास्त) १, त्याहून वाईट काहीही असेल तर ०.

तुमचंच उदाहरण घेऊ. समजा कोर्सचा स्लोप (सामान्य खेळाडूला तो किती अवघड याचा आकडा) १२४, कोर्स रेटिंग (कसलेल्या खेळाडूचे अपेक्षित फटके) ७०.८ आणि पार ७२. २६.४ ला १२४ ने गुणून ११३ ने (मध्यम अवघड कोर्सचा स्लोप) भागा, जवळपास २९ येतात. रेटिंग पारपेक्षा १.२ ने कमी आहे, ते वजा केल्यावर २७.८ च्या आसपास. वैयक्तिक स्टेबलफोर्डला साधारणतः ९५ टक्के देतात, म्हणजे त्या दिवशी तुमच्या हातात २६ फटके. प्रत्येक होलला एक, आणि स्ट्रोक इंडेक्स (होलच्या अवघडपणाचा क्रम) १ ते ८ असलेल्या होलना दोन. अशा दोन फटके मिळणाऱ्या पार चारच्या होलवर तुम्ही सहात होल केलात तर पूर्ण दोन गुण! सातात केलात तरी एक. सात फटके मारून झाले आणि चेंडू अजून बाहेरच असेल, तर उचला आणि पुढे चला. त्या होलवर मिळवण्यासारखं काही उरलेलं नसतं.

खोळंब्याची भीती इथेच अर्धी संपते. वेळेवर चेंडू उचलणाऱ्या जास्त हँडिकॅपवाल्या खेळाडूबरोबर खेळायला मला कधीच अडचण वाटली नाही. आठ हँडिकॅपचा माणूस प्रत्येक पटभोवती (पट म्हणजे चेंडू होलात ढकलायचा हलका फटका) तीन चकरा मारतो तेव्हा मात्र वेळ जातो. आपली पाळी आली की ४० सेकंदांच्या आत फटका मारावा असं नियमांतच सुचवलेलं आहे. समोरचा खेळत असतानाच अंतर बघून, क्लब काढून तयार राहिलात की ते सहज जमतं.

कडेचा पाइन
थोडं वेगळं मत. पहिल्यांदा स्क्रॅम्बल खेळून बघायला काय हरकत आहे? चौघांतला चांगला चेंडू निवडायचा आणि सगळ्यांनी तिथून मारायचं. आपला फटका चुकला तरी कुणाचं नुकसान नाही, आणि ओळखी होतात. माझी सुरुवात तशीच झाली.

वाळूतून
ओळखींसाठी उत्तम, मान्य. पण नवी टी यांना स्पर्धा हवी आहे. स्क्रॅम्बलमध्ये स्वतःचा चेंडू पहिल्या टीपासून शेवटच्या पटपर्यंत एकटीने न्यावा लागत नाही, आणि तो स्कोअर हँडिकॅपमध्येही धरला जात नाही.

दोन पट कमी
मला तुमच्या शेवटच्या प्रश्नावर बोलायचंय, कारण दोन वर्षं मीही त्याच्याशी झगडले.

हँडिकॅप इंडेक्स म्हणजे आपली सरासरी, हा समज मनातून काढा. २०२० पासूनच्या जागतिक पद्धतीत शेवटच्या २० राउंडपैकी सर्वांत चांगल्या ८ राउंडची सरासरी धरतात. उरलेले बारा राउंड त्या आठांइतके चांगले नसतात, म्हणून तर ते बाहेर राहिले! हँडिकॅपबरहुकूम खेळलं की ३६ गुण होतात, पण तो आपला चांगला दिवस असतो. एरवी ३० किंवा ३२ गुण येणं अगदी नेहमीचं आहे. हे कळलं नव्हतं तोवर मी दर स्पर्धेनंतर खट्टू होऊन घरी यायचे. आणि २६ हा मोठा हँडिकॅप वाटून घेऊ नका. कमाल मर्यादा ५४ आहे, तुम्ही जवळपास मध्यावर आहात. काही आयोजक स्वतःची वेगळी मर्यादा ठेवतात, तेवढी अर्जावर बघा.

आता एक थेट प्रश्न, राग मानू नका. मैत्रिणींबरोबर खेळताना छोटे पट पूर्ण करता का? की चेंडू होलजवळ आला की "राहू दे, झालं" म्हणून उचलता?

नवी टी
राग कसला! हो, हातभर अंतराचा पट आम्ही सोडूनच देतो. आणि खरं सांगायचं तर पहिल्या टीवरचा फटका अगदीच फसला तर दुसरा मारू देतो.

दोन पट कमी
मग तुमचा २६.४ हा मैत्रीतला आकडा आहे. स्पर्धेत तो दोन-तीन फटके वर गेला तर खेळ बिघडला असं समजू नका, मोजणी खरी झाली असं समजा. पट सोडून देणं फक्त मॅच प्लेमध्ये (समोरासमोर, एकेक होल जिंकायच्या प्रकारात) चालतं, कारण तिथे प्रतिस्पर्धी आपला हक्क सोडत असतो. स्ट्रोक प्लेमध्ये होल पूर्ण न करता पुढच्या टीवरून मारलंत तर बाद. स्टेबलफोर्डमध्ये बाद नाही, पण त्या होलचे गुण गेले.

माझा आग्रह आहे की नाव देण्याआधी तीन राउंड संपूर्ण नियमांनी खेळा. प्रत्येक पट आत घाला, पहिल्या टीवर एकच फटका, आणि ते स्कोअर नोंदवा. तुमचा हँडिकॅप तुमचाच राहू द्या. फुगवलेला असो की दबलेला, खोट्या आकड्यावर जिंकण्यात किंवा हरण्यात मला काही अर्थ वाटत नाही.

गुणमोजणी
मी अशा स्पर्धांमध्ये कार्डं तपासायला बसतो. चांगला खेळ करून आलेल्या नवख्या खेळाडूचं कार्ड एका सहीपायी बाद करावं लागतं तेव्हा फार वाईट वाटतं, म्हणून लिहितोय.

सुरुवातीलाच कार्डांची अदलाबदल होते. तुमचं कार्ड मार्करकडे (तुमचे फटके नोंदवणाऱ्याकडे), तुम्ही दुसऱ्या कुणाचं लिहायचं. प्रत्येक होलनंतर आकडा मोठ्याने सांगा आणि ऐका. संपल्यावर घाईने उठू नका, होल होल करून ताळा जुळवा, मग दोघांच्या सह्या. प्रत्यक्षापेक्षा कमी आकड्याखाली सही केलीत तर सर्वसाधारणपणे बाद, जास्त लिहिलेला असेल तर तोच पक्का. गुणांची बेरीज चुकली तर काळजी नको, ती आयोजकांची जबाबदारी आहे. तुमची जबाबदारी प्रत्येक होलच्या फटक्यांची.

वेळेचं तर अगदी जपा. टी-टाइमला पाच मिनिटांपर्यंत उशीर झाला तर दोन फटक्यांचा दंड, त्यापुढे बाद. पिशवीत १४ च्या वर क्लब नकोत, आदल्या रात्री मोजा. स्पर्धेच्या सकाळी कोर्सवर जाऊन दोन होल खेळून बघायचे नाहीत, स्ट्रोक प्ले आणि स्टेबलफोर्डमध्ये त्याला मनाई आहे. पटिंग ग्रीनवर आणि सरावाच्या जागेवर हवा तेवढा सराव करा.

आणखी एक सवय मैत्रिणींबरोबर लागलेली असते: "तू कुठला क्लब घेतलास?" हे विचारायचं नाही. सल्ला फक्त स्वतःच्या कॅडीकडून किंवा जोडीदाराकडून घेता येतो, नाहीतर दोन फटके. झेंड्यापर्यंतचं अंतर किंवा एखादा नियम मात्र कुणालाही विचारा. नियमाबद्दल शंका असेल आणि सांगणारं कुणी नसेल तर दोन चेंडू खेळून तो होल पूर्ण करता येतो. कुठला चेंडू धरायचा हे आधी मार्करला सांगायचं आणि कार्ड देताना आमच्या कानावर घालायचं. ही सोय फार कमी लोक वापरतात.

कडेचा पाइन
अर्ज निवडताना हेही बघा: हँडिकॅपनुसार गट पाडलेत का. २६ वाल्यांचा वेगळा गट असेल तर जास्त मजा येते. सगळ्या होलवरून एकाच वेळी सुरुवात असेल तर सगळे एकत्रच परततात, त्यामुळे नवख्याला गप्पांत सामील होणं सोपं जातं. आणि एकटीच नाव देत असाल तर तसं कळवा, चांगले आयोजक समजूतदार गटात घालतात.

नवी टी
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन राउंड नियमांनी खेळले, इंडेक्स २८.१ झाला. वाईट वाटलं, मग हलकं वाटलं. स्टेबलफोर्डला नाव दिलंय.

नवी टी
आले खेळून! ३१ गुण. पहिल्या टीवर हात थरथरत होते, तिसऱ्या होलपासून ते विसरले. गटातले तिघेही अनोळखी होते आणि तिघांनीही माझे चेंडू शोधले.

एक शंका आहे. सातव्या होलवर, स्ट्रोक इंडेक्स ५, पार चार, माझा चेंडू डावीकडे झाडांत गेला. मी "आणखी एक मारते" म्हणाले आणि मारला. पुढे गेलो तर पहिला चेंडू छान गवताच्या कडेला दिसत होता! पण मार्कर म्हणाले की तो आता मेला, दुसराच खेळा. मी ऐकलं, दंडासकट सातात होल केला, एक गुण मिळाला. त्यांचं बरोबर होतं का? भांडायचं नाहीये, समजून घ्यायचंय.

गुणमोजणी
त्यांचं बरोबर होतं, आणि तुम्ही ऐकलंत हे फार चांगलं केलंत. दुसरा चेंडू मारण्याआधी "प्रोव्हिजनल" (तात्पुरता चेंडू) हा शब्द उच्चारावा लागतो, किंवा तोच अर्थ निःसंदिग्धपणे कळेल असं बोलावं लागतं. "आणखी एक मारते" एवढं पुरत नाही. त्या क्षणी दुसरा चेंडू खेळातला झाला, एका फटक्याच्या दंडासह, म्हणजे टीवरून तुमचा तिसरा फटका. पहिला चेंडू खेळला असता तर चुकीच्या चेंडूचा दंड वेगळा बसला असता. शब्द उच्चारला असता तर तीन मिनिटांच्या आत सापडलेला तो पहिला चेंडूच खेळायचा होता, विनादंड.

नवी टी
प्रोव्हिजनल. लिहून ठेवला, पिशवीच्या वरच्या कप्प्यात. पुढच्या महिन्याच्या स्पर्धेचा अर्जही भरलाय.