घरी बाईकचं काम करताना ग्लोव्हज कुठले? आणि फर्स्ट एडच्या डब्यात काय ठेवायचं?

कोलशेतकर: मंडळी सल्ला हवाय. मी आणि धाकटा भाऊ बाईकची किरकोळ कामं सोसायटीच्या पार्किंगमध्येच करतो, ऑइल, चेन, एअर फिल्टर, ब्रेक शू वगैरे. काम जमतं, पण दर वेळी दोघांपैकी एकाला काहीतरी होतंच. पाना सटकून बोटांची सालपटं निघतात नाहीतर सायलेन्सरचा चटका, परवा तर साइड स्टँडची स्प्रिंग सुटून भावाच्या गालावर बसली, डोळा थोडक्यात वाचला. आई म्हणते गपगुमान गॅरेजला द्या. ग्लोव्हज आणि डबा मिळून हजारच्या आत बसवायचंय.

ऐरोलीचा पाना: ग्लोव्हजचं नंतर बघ भावा, आधी पाने बघ. सटकतो तो बहुतेक वेळा तोंड फाकलेला फिक्स पाना, नाहीतर १४च्या नटाला १५चा लावलेला असतो. घट्ट नटाला रिंग पाना किंवा सॉकेटच लाव. आणि जोर लावताना पाना आपल्याकडे ओढायचा, ढकलायचा नाही, ढकलताना सुटला की मूठ थेट इंजिनच्या फिन्सवर जाते. ढकलण्याशिवाय इलाजच नसेल तर मूठ न वळता तळहाताने रेट. गंजलेल्या नटावर आदल्या रात्रीच डब्ल्यूडी-४० (गंज सोडवणारा स्प्रे) मारून ठेवायचं, आपल्याकडे खाडीच्या हवेत पावसाळ्यानंतर काय गंजलेलं नसतं ते सांग.

बुलेटवाले काका: चेनचं बोलतो कारण तिथे सालपटावर भागत नाही. गाडी डबल स्टँडवर, इंजिन बंद, न्यूट्रल, चाक हाताने फिरवायचं. व्हिडिओत पोरं गाडी चालू करून पहिला गियर टाकतात आणि फिरत्या चेनला चिंधी धरतात, असला मूर्खपणा अजिबात नको. चिंधी स्प्रॉकेटमध्ये (चेनच्या दातेरी चक्रात) ओढली गेली की बोटही जातं, सोडायला वेळच मिळत नाही. हाताने फिरवतानाही चिंधी खालच्या बाजूच्या चेनला धर आणि चाक उलटं फिरव, म्हणजे चेन मागच्या स्प्रॉकेटपासून लांब जात राहते.

कोलशेतकर: काका मग कापडी ग्लोव्हज चालतील का चेनला?

बुलेटवाले काका: नकोच, धागा अडकतो. पातळ नायट्राइल (कृत्रिम रबर) ग्लोव्हजचा डबा घे, ऑइल-ग्रीसला तेच बरे. गरम सायलेन्सरला मात्र त्यांचा उपयोग शून्य, तिथे चहा पिऊन ये आणि गाडी गार होऊ दे. बॅटरीला हात लावायच्या आधी अंगठी, कडं, घड्याळ काढायचं आणि निगेटिव्ह टर्मिनल पहिलं सोडायचं.

खारघरची ताई: मी क्लिनिकमध्ये ड्रेसिंग करते म्हणून डब्याचं सांगते. निर्जंतुक गॉज, चिकटपट्टी, क्रेप बँडेज, पोव्हिडोन आयोडीन, छोटी कात्री, एवढं पुष्कळ झालं. चटका बसला की टूथपेस्ट, हळद, बर्फ काहीही नको, वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं हात धरायचा. उन्हाळ्यात आपल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी तापलेलं येतं, ते आधी सोडून द्या, गार आलं की हात खाली घ्या. फोड फोडू नका. डोळ्यात ब्रेक ऑइल किंवा बॅटरीचं पाणी गेलं तर चोळायचं नाही, लगेच धुवायला घ्यायचं, निदान १५ मिनिटं, आणि मग तसंच डॉक्टरकडे. जखम खोल किंवा मळकट असेल आणि शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ५ वर्षं उलटली असतील तर डॉक्टरांना विचारून घ्या, पूर्वीच्या टीटीऐवजी आता टीडी (धनुर्वात आणि घटसर्प दोन्हींची लस) देतात.

ऐरोलीचा पाना: ताई डब्यात चष्मा राहिला. कोलशेतकर, साधा पारदर्शक सेफ्टी चष्मा घेच. आणि ती साइड स्टँडची स्प्रिंग पक्कडीने ताणू नका. स्प्रिंग एका बाजूला वाकवली की वेढ्यांत फटी पडतात, त्यात वॉशर सरकवायचे, मग दुसऱ्या बाजूला वाकवून तिथेही. अशी भरत गेलं की ती लांब होते, आरामात हुकात बसते, नंतर स्टँड खाली-वर केला की वॉशर आपोआप गळून पडतात. ते करताना तोंड स्प्रिंगच्या रेषेत ठेवायचं नाही.

कोलशेतकर: हे भारीये, वॉशर पडलेतच घरात. शेवटचं एक, ब्रेक शूची काळी धूळ भाऊ फुंकून काढतो, चालतं का?

बुलेटवाले काका: नाही. जुन्या शूमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फुफ्फुसात जातं. ओल्या फडक्याने पुसायचं आणि फडकं पिशवीत बांधून टाकून द्यायचं.